कंट्रोल-एस दाबला आणि पडदा थिजला

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका शाळेच्या संगणक-खोलीत आम्ही नववीच्या मुलांबरोबर काम करत होतो. यंत्रे जुनी होती, म्हणून त्यांवर लिनक्स घातलेले होते. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत, व्हिम नावाच्या एडिटरमध्ये, मुले आपापल्या फाईली लिहीत होती. एक मुलगी शाळेच्या पर्जन्यमापकावरच्या पावसाळ्याच्या नोंदी उतरवत होती. तारीख आणि त्यापुढे पावसाचे मिलिमीटर, अशा ओळीमागून ओळी. तासभर खपून तिने तीन महिन्यांच्या नोंदी पुऱ्या केल्या आणि फाईल साठवायची म्हणून सवयीने कंट्रोल आणि एस या कळा एकत्र दाबल्या. पडदा थिजला. कर्सर हलेना, अक्षर उमटेना. तिने सगळ्या कळा दाबून पाहिल्या. मग आम्ही दाबून पाहिल्या.

"हँग झालाय," असे म्हणून आम्ही यंत्राचे बटण बंद केले.

"सर, माझंच काहीतरी चुकलं," ती म्हणाली.

"नाही गं, यंत्रच जुनं आहे," आम्ही म्हणालो.

दोघांचेही चूक होते. यंत्र हँग झाले नव्हते. त्याला जे सांगितले ते त्याने बिनतक्रार केले होते. कंट्रोल आणि क्यू एवढ्या दोनच कळा एकत्र दाबल्या असत्या, तर पडदा पुन्हा चालू झाला असता. हे आम्हांला पुढे कळले. कंट्रोल-एसने पडदा का थांबतो, हा प्रश्न घेऊन मागे मागे गेलो, तेव्हा टर्मिनलमधल्या एडिटरांच्या कळांचे सगळे कोडेच उलगडत गेले. एरवी या कळा म्हणजे पाढ्यांसारख्या घोकायच्या याद्या वाटतात. त्या तशा नाहीत. प्रत्येक कळीमागे काही ना काही कारण आहे, आणि कारण कळले की घोकंपट्टी बरीच कमी होते. एडिटर कोणता निवडावा, हेही मग आपले आपल्याला ठरवता येते.

अक्षरांची नळी

आज खिडक्या, चित्रे आणि माउस असताना काळ्या पडद्यावरचा एडिटर हवाच कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याची उत्तरे व्यवहारातली आहेत. जगातले बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि त्यांच्यापुढे पडदा किंवा माउस बहुधा नसतोच. त्यांच्याशी दुरून, मजकुराच्या आज्ञा देऊनच बोलावे लागते. शाळेत रास्पबेरी पायसारखे छोटे संगणक असतील, तर त्यांनाही असेच जोडून घेता येते. जुन्या यंत्रांवर असे एडिटर झटपट उघडतात. आणि एखाद्या दिवशी यंत्राच्या खिडक्याच उघडेनाशा झाल्या, तर दुरुस्तीचे दार याच काळ्या पडद्यातून असते.

या पडद्याचे एक वैशिष्ट्य मात्र आधी समजून घ्यायला हवे. खिडक्यांच्या जगात प्रोग्रॅमला कळफलकाची बित्तंबातमी मिळते. कोणती कळ दाबली, कोणती सोडली, सोबत शिफ्ट होती की नाही, सारे त्याला कळते. टर्मिनलमध्ये तसे नसते. टर्मिनल आणि प्रोग्रॅम यांच्यामध्ये जणू एक नळी आहे, आणि तिच्यातून एकामागून एक अक्षरांचे क्रमांक तेवढे जातात. 'कळ दाबली' ही बातमी त्या नळीतून जात नाही. मग कंट्रोल-एस ही 'आज्ञा' त्या नळीतून जाते तरी कशी?

चौसष्ट वजा करा

अमेरिकेत १९६३ साली अक्षरांना क्रमांक देण्याचे एक प्रमाण ठरले. त्याचे नाव आस्की. त्यात ० ते १२७ असे १२८ क्रमांक आहेत. १२८ म्हणजे २ चा सातवा घात, म्हणून प्रत्येक चिन्हाला सात बिट पुरतात. मोठ्या लिपीतला ए हा ६५ वा, बी हा ६६ वा, असे करत झेड ९० वा. पहिले ३२ क्रमांक, म्हणजे ० ते ३१, अक्षरांसाठी नाहीत. ते यंत्राला द्यायच्या सूचनांसाठी राखून ठेवलेले आहेत. घंटा वाजव, एक घर मागे ये, पुढच्या ओळीवर जा, अशा त्या सूचना.

या सूचना पाठवायला ३२ वेगळ्या कळा कोण बसवणार? म्हणून एकच जादा कळ बसवली, ती कंट्रोल. ती दाबून धरून अक्षर दाबले की त्या अक्षराच्या क्रमांकातले वरचे दोन बिट शून्य होतात. मोठ्या लिपीतल्या अक्षरापुरते बोलायचे, तर त्याच्या क्रमांकातून ६४ वजा होतात. ए चा क्रमांक दोन-आधारी पद्धतीत १०००००१, कंट्रोल-ए चा ००००००१. बस्स, कंट्रोल या कळीचे सारे रहस्य एवढेच.

आता काही वजाबाक्या करून पाहू या.

कंट्रोल-सी : ६७ − ६४ = ३. मूळ अर्थ 'मजकूर संपला'. आज टर्मिनलमध्ये चालू काम थांबवण्यासाठी.
कंट्रोल-जी : ७१ − ६४ = ७. घंटा.
कंट्रोल-एच : ७२ − ६४ = ८. एक घर मागे, म्हणजे बॅकस्पेस.
कंट्रोल-आय : ७३ − ६४ = ९. टॅब.
कंट्रोल-जे : ७४ − ६४ = १०. कागद एक ओळ पुढे.
कंट्रोल-एम : ७७ − ६४ = १३. ओळीच्या आरंभी परत, म्हणजे एंटर.
कंट्रोल-क्यू : ८१ − ६४ = १७. पाठवणे चालू करा.
कंट्रोल-एस : ८३ − ६४ = १९. पाठवणे थांबवा.
कंट्रोल आणि डावा चौकटी कंस : ९१ − ६४ = २७. एस्केप.

करून पाहा : टर्मिनलमध्ये कोणतीही साधी आज्ञा टाइप करा आणि एंटरऐवजी कंट्रोल-एम दाबा. आज्ञा चालते. कंट्रोल-जे दाबूनही चालते. व्हिममध्ये एस्केपऐवजी कंट्रोल आणि डावा चौकटी कंस दाबा, तेच काम होते. नळीच्या दुसऱ्या टोकाला फक्त २७ हा क्रमांक पोचला. तो कोणत्या कळांनी निघाला, हे प्रोग्रॅमला कळायला मार्गच नाही.

कंट्रोल-एस चे उत्तर या यादीत आलेच आहे. त्या काळी संगणकापुढे पडदा नसे, टेलिटाइप नावाचे टंकयंत्र असे. टेलिटाइप कंपनीचे मॉडेल ३३ हे यंत्र १९६३ सालचे. त्याचा वेग सेकंदाला १० अक्षरे. त्याला छिद्रे पाडलेल्या कागदी फितीचा वाचक जोडलेला असे. समोरच्याला उसंत हवी असली की १९ क्रमांक पाठवून फीत थांबवायची आणि १७ पाठवून पुन्हा सुरू करायची, असा संकेत होता. टेलिटाइप गेले, फिती गेल्या, संकेत मात्र राहिला. टर्मिनलची व्यवस्था १९ हा क्रमांक आला की एडिटरला न विचारता पडद्यावर लिहिणे थांबवते. आमच्या विद्यार्थिनीने 'साठव' म्हटले, आणि यंत्राने 'थांब' असे ऐकले.

कंट्रोल-झेडचेही असेच. खिडक्यांच्या जगात ती चूक मागे घेण्याची कळ. व्हिममध्ये मात्र ती दाबली की एडिटरच पडद्यावरून नाहीसा होतो आणि मुले घाबरतात. तो बंद झालेला नसतो, नुसता बाजूला उभा केलेला असतो. एफ आणि जी ही दोन अक्षरे टाइप करून एंटर दाबले की मजकुरासकट समोर हजर.

कागदावरून पडद्यावर

टेलिटाइपवर मजकुराची दुरुस्ती कशी करत असतील? समोर पडदा नाही, नुसता कागद. एकदा छापलेले पुसता येत नाही. बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी १९६९ च्या सुमारास युनिक्ससाठी लिहिलेला 'एड' हा एडिटर या परिस्थितीत घडला. तो स्वतःहून काहीच दाखवत नाही. एखादी ओळ पाहायची असेल तर 'पी', म्हणजे प्रिंट, असे सांगायचे. पुसायची तर 'डी'. फाईल लिहून ठेवायची तर 'डब्ल्यू'. बाहेर पडायचे तर 'क्यू'. काही चुकले तर एडचे उत्तर एकच, एक प्रश्नचिन्ह. काय चुकले ते आपण ओळखायचे. हे उद्धटपणाचे वाटते खरे, पण सेकंदाला १० अक्षरे छापणाऱ्या यंत्रावर लांबलचक सूचना वाचत बसायला कोणाला वेळ होता?

मग पडद्याचे टर्मिनल आले. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजात जॉर्ज कुलुरिस यांनी एड सुधारून 'एम' नावाचा एडिटर केला होता. तो पाहून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील बिल जॉय या विद्यार्थ्याने १९७६ मध्ये आपल्या एडिटरचे काम सुरू केले. त्यातूनच 'व्ही-आय' तयार झाला. व्हिज्युअल, म्हणजे दिसणारा, या शब्दाची ती पहिली दोन अक्षरे.

जॉय घरून ३०० बॉडच्या मोडेमवरून काम करत. एक गणित मांडू या. एका अक्षरामागे साधारण १० बिट जातात, म्हणून वेग सेकंदाला ३० अक्षरे. पडद्यावर २४ ओळी, प्रत्येकीत ८० घरे, म्हणजे १९२० अक्षरे. संपूर्ण पडदा एकदा भरायला १९२० ÷ ३० = ६४ सेकंद. एका चुकीपायी सारा पडदा नव्याने रंगवायचा तर मिनिटभर वाट पाहायची! अशा वेळी आज्ञा एकाक्षरी असणार आणि जेवढे बदलले तेवढेच पडद्यावर पुन्हा लिहिले जाणार, हे ओघानेच आले.

व्ही-आयमध्ये कर्सर हलवायला एच, जे, के, एल या कळा आहेत. डावीकडे, खाली, वर, उजवीकडे. हा काय प्रकार, असे प्रत्येक नवशिक्याला वाटते. जॉय यांच्यापुढे लिअर सीग्लर कंपनीचे एडीएम-३ए हे टर्मिनल होते. त्यावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. बाण याच चार अक्षरांच्या कळांवर छापलेले होते. ते तिथेच का? वरची यादी पुन्हा पाहा. कंट्रोल-एच म्हणजे ८, एक घर मागे, अर्थात डावीकडे. कंट्रोल-जे म्हणजे १०, एक ओळ खाली. दोन दिशा आस्कीनेच ठरवून दिल्या होत्या. उरलेल्या दोन शेजारच्या कळांना मिळाल्या. त्याच टर्मिनलवर एस्केपची कळ आज टॅब असते तिथे होती, करंगळीच्या टप्प्यात. आज ती कोपऱ्यात गेली, आणि व्ही-आय वापरणाऱ्यांचा हात उगाच लांब जाऊ लागला.

पूस तीन शब्द

व्ही-आयचे सर्वांत गोंधळात टाकणारे वैशिष्ट्य म्हणजे त्याच्या अवस्था. एडिटर उघडल्यावर तो आज्ञा घेण्याच्या अवस्थेत असतो. तिथे 'डी' दाबले तर डी उमटत नाही, ती आज्ञा ठरते. 'आय' दाबले की लिहिण्याची अवस्था सुरू होते. एस्केप दाबले की परत आज्ञेची. नवखा माणूस उघडताच टाइप करू लागतो आणि त्याच्या प्रत्येक अक्षराची आज्ञा होऊन मजकुराची दाणादाण उडते. कॅप्स लॉक चुकून चालू राहिला तर विचारूच नका.

अवस्था असाव्यात की नसाव्यात, हा संगणकाच्या जगातला जुना वाद आहे. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात काम केलेले लॅरी टेस्लर अवस्थांचे कट्टर विरोधक होते. कापा, प्रत करा आणि चिकटवा ही आज सर्वांच्या हातात बसलेली पद्धत त्यांनी आणि टिम मॉट यांनी १९७०च्या दशकाच्या मध्यास तिथेच घडवली. टेस्लर यांच्या मोटारीच्या पाटीवरही 'नो मोड्स' अशी अक्षरे होती. त्यांचे म्हणणे साधे होते. तीच कळ कधी अक्षर आणि कधी आज्ञा असेल, तर माणूस चुकणारच.

दुसरी बाजूही विचारात घेण्याजोगी आहे. अवस्था वेगळी असली की सगळा कळफलक आज्ञांसाठी मोकळा होतो, आणि त्या आज्ञांचे एक व्याकरण करता येते. व्ही-आयमध्ये डी म्हणजे पूस, वाय म्हणजे प्रत घे, सी म्हणजे बदल. ही झाली क्रियापदे. डब्ल्यू म्हणजे पुढच्या शब्दाच्या आरंभापर्यंत, बी म्हणजे मागच्या शब्दाच्या आरंभापर्यंत, शून्य म्हणजे ओळीच्या आरंभापर्यंत, डॉलरचे चिन्ह म्हणजे ओळीच्या अखेरीपर्यंत, मोठे जी म्हणजे फाईलच्या शेवटापर्यंत. ही झाली कर्मे. तीन क्रियापदे आणि पाच कर्मे, एकूण आठच कळा, पण त्यांतून १५ वाक्ये होतात. मध्ये संख्या घातली तर आणखी. डी, ३, डब्ल्यू : पूस तीन शब्द. आणि टिंब दाबले की शेवटचा बदल पुन्हा होतो.

इथे मराठी माध्यमाच्या शिक्षकांनी थोडे थांबावे. 'डी म्हणजे डिलीट' ही खूण डिलीट हा शब्द माहीत असलेल्यालाच उपयोगी पडते. वाय ही 'यँक' या शब्दाची खूण आहे, आणि तो शब्द आपल्या मुलांना कुठून माहीत असणार? त्यांच्या दृष्टीने ती नुसती अक्षरे. म्हणून आम्ही वर्गात फळ्यावर दोन रकाने करतो, क्रियापदे आणि कर्मे, आणि त्यांपुढे मराठी अर्थ लिहितो. मुले आपणहून वाक्ये जुळवू लागतात. एकदा एका मुलाने विचारले, "सर, हे उलटं आहे ना? आपण 'तीन शब्द पूस' म्हणतो, हा 'पूस तीन शब्द' म्हणतो." अगदी बरोबर! इंग्रजीत आज्ञार्थी क्रियापद आधी येते, मराठीत शेवटी. काकून आणि हेलिक्स या अलीकडच्या एडिटरांनी हा क्रम उलटवला आहे. तिथे आधी तीन शब्द निवडायचे आणि मग पुसायचे. नकळत ते मराठीच्या जवळ आले, म्हणायचे!

आज बहुतेक लिनक्स यंत्रांवर 'व्ही-आय' म्हटले की प्रत्यक्षात 'व्हिम' उघडतो. नेदरलंड्सचे ब्राम मोलेनार यांनी तो १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये निधन होईपर्यंत, तीस वर्षांहून अधिक काळ, सांभाळला. तो फुकट वापरा, पण शक्य असेल तर युगांडातल्या किबाले येथील गरजू मुलांसाठी मदत करा, अशी विनंती त्यांनी व्हिमच्या पहिल्याच पडद्यावर घातली होती.

दुसरा पंथ, आणि तळाशी लिहिलेली उत्तरे

१९७६ मध्येच, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी या संस्थेत 'ईमॅक्स' आकार घेत होता. रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याची ग्नू आवृत्ती १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. तिथे अवस्था बदलण्याची भानगड नाही. साधे अक्षर म्हणजे अक्षरच, आणि आज्ञा कंट्रोल किंवा मेटा या कळीसोबत. मेटा ही एमआयटीच्या जुन्या कळफलकांवरची कळ, आज तिच्या जागी ऑल्ट. कंट्रोल-ए ओळीच्या आरंभी, कंट्रोल-ई अखेरीस, कंट्रोल-के ओळीचा कर्सरपुढचा भाग कापणार, कंट्रोल-वाय चिकटवणार. फाईल साठवायला कंट्रोल-एक्स आणि लगेच कंट्रोल-एस. इथे पडदा थिजत नाही, कारण ईमॅक्स सुरू होतानाच तो 'थांबा-चालू'चा जुना संकेत बंद करून ठेवतो.

ईमॅक्स न वापरणाऱ्यांनीही यांतल्या काही कळा शिकाव्यात असे आम्हांला वाटते. कारण लिनक्समध्ये आपण ज्या ओळीवर आज्ञा टाइप करतो, त्या ओळीवरही याच कळा चालतात. लांब आज्ञेच्या आरंभी चूक असेल तर बाण दाबत बसू नका, कंट्रोल-ए दाबा. पूर्वी दिलेली आज्ञा शोधायची असेल तर कंट्रोल-आर दाबून तिच्यातली दोन-चार अक्षरे टाइप करा.

तिसरा मार्ग अगदी साधा आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या 'पाइन' या टपाल-प्रोग्रॅमसोबत 'पिको' नावाचा छोटा एडिटर येई. त्याच्या परवान्यातली बंधने टाळण्यासाठी क्रिस अलेग्रेटा यांनी १९९९ मध्ये तसाच एक मुक्त एडिटर लिहिला. तोच आजचा 'नॅनो'. त्याच्या पडद्याच्या तळाशी दोन ओळींत मुख्य कळा लिहिलेल्याच असतात. काकपदासारखी खूण म्हणजे कंट्रोल, एम म्हणजे मेटा. कंट्रोल-ओ साठवते, कंट्रोल-एक्स बाहेर नेते, कंट्रोल-के ओळ कापते, कंट्रोल-यू चिकटवते, कंट्रोल-डब्ल्यू शोधते. नव्या आवृत्त्यांत कंट्रोल-एसनेही फाईल साठते. ऑल्ट दाबल्यावर खिडकीचा मेन्यू उघडत असेल, तर एस्केप दाबून सोडा आणि मग अक्षर दाबा. ऑल्टसह अक्षर म्हणजे नळीतून जाणारे '२७ आणि मग ते अक्षर', एवढेच तर असते!

वर्डस्टार आठवणारे शिक्षक आमच्या वाचकांत असतीलच. १९७८ च्या त्या प्रोग्रॅममध्ये कंट्रोलसह ई, एस, डी, एक्स या कळा वर, डावीकडे, उजवीकडे, खाली नेत. कळफलकावर या चार कळा पाहा, त्या चौकटच्या आकारात आहेत. तिथे अक्षराच्या अर्थाला महत्त्व नव्हते, जागेला होते. आजच्या झेड, एक्स, सी, व्ही या कळाही तळाच्या रांगेत शेजारी-शेजारी आहेत. म्हणजे कळ ठरण्याची तीन कारणे आपल्याला दिसली : शब्दाचे आद्याक्षर, कळीची जागा, आणि आस्कीतला क्रमांक. कोणतीही नवी कळ समोर आली की यांपैकी कोणते कारण लागू पडते, ते मुलांना शोधायला सांगावे.

मराठी लिहिताना

हे सारे इंग्रजी अक्षरांच्या जगात घडले, हे विसरून चालणार नाही. व्हिममध्ये इनस्क्रिप्ट कळफलक लावून मराठी लिहीत असू, तर एस्केप दाबून आज्ञेच्या अवस्थेत आल्यावर एच दाबताच नळीतून 'प' जातो. जे दाबले तर 'र', के दाबले तर 'क', एल दाबले तर 'त'. व्हिमला त्यांतले काही उमगत नाही. दर वेळी कळफलक इंग्रजीवर आणावा लागतो. व्हिममध्ये यावर सोय आहे. ईमॅक्समध्ये देवनागरी इनस्क्रिप्ट आतच दिलेले असते, त्यामुळे लेखन मराठीत आणि आज्ञा इंग्रजीत, असे सहज जमते.

आणखी एक अडचण पडद्याची. टर्मिनलचा पडदा म्हणजे चौकोनी घरांची वही, एका घरात एक चिन्ह. इंग्रजीला ते पुरते. मराठीत काना-मात्रा आणि जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात, ती घरांत नीट बसत नाहीत. 'शाळा' हा शब्द घ्या. आपल्याला दोन अक्षरे दिसतात, युनिकोडमध्ये ती चार चिन्हे आहेत, आणि यूटीएफ-८ पद्धतीने साठवताना प्रत्येकाला ३, म्हणून एकूण १२ बाइट लागतात. अनेक टर्मिनलांत कर्सर एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे असे होते. मराठी लेख लिहायचा तर खिडकीतला एडिटर बरा. दोन शब्द सुधारायला टर्मिनल पुरते.

मग निवडायचे काय?

'सर्वांत चांगला एडिटर कोणता?' या प्रश्नाला उत्तर नाही. कुठे, किती वेळा आणि कशासाठी वापरणार, हे विचारले तर उत्तर मिळते.

पहिल्या दिवशी मुलांसमोर नॅनो ठेवावा. त्यात तळाशी पाहून काम करता येते, आणि लक्ष एडिटरवर न राहता लिहायच्या मजकुरावर राहते. यंत्रावर नवे प्रोग्रॅम घालायची मुभा असेल तर 'मायक्रो' हा एडिटरही पाहावा. त्यात साठवणे, प्रत घेणे आणि मागे घेणे या कळा खिडक्यांच्या जगातल्याच आहेत.

व्ही-आय मात्र थोडा तरी प्रत्येकाने शिकावा, आवडो वा न आवडो. एड आणि व्ही-आय यांचा युनिक्सच्या पॉझिक्स या प्रमाणात समावेश आहे, त्यामुळे अनोळखी यंत्रावर दुसरे काही नसले तरी व्ही-आय सापडण्याची शक्यता मोठी. संकटापुरते एवढे पुरे : आय दाबून लिहा. एस्केप दाबून थांबा. यू ने चूक मागे घ्या. कोलन, डब्ल्यू, क्यू आणि एंटर म्हणजे साठवून बाहेर. कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर म्हणजे न साठवता बाहेर. यातले डब्ल्यू आणि क्यू हे एडचेच, हे आता आपण ओळखले असेल. ज्यांना गोडी लागेल त्यांच्यासाठी व्हिमसोबत बहुधा 'व्हिमट्यूटर' हा पाठ येतो. तो अर्ध्या तासात होतो. ज्यांना रोज आठ तास मजकुरातच काम करायचे आहे, त्यांनी व्हिम किंवा ईमॅक्स यांपैकी एकावर महिनाभर घालवावा. तो वाया जात नाही.

आणि वर्गात पहिल्याच तासाला, एडिटर कोणताही असो, मुद्दाम कंट्रोल-एस दाबून पडदा थिजवून दाखवावा. मग कंट्रोल-क्यू दाबून तो सोडवावा. थिजलेला असताना जे टाइप केले ते सुटल्यावर भराभर उमटते, हे पाहून मुले हसतात. त्या दिवसापासून थिजलेल्या पडद्याला ती भीत नाहीत. (काही एडिटर हा संकेत स्वतःच बंद करतात. म्हणून प्रयोग एडिटरबाहेर, आज्ञेच्या ओळीवर करावा.)

आता त्या पावसाच्या नोंदींविषयी. व्हिम मजकुराची एक राखीव प्रत सतत लिहीत असतो. दर २०० अक्षरांनी, किंवा चार सेकंद हात थांबला तर तेव्हाच. यंत्र बंद केले तरी ती प्रत चकतीवर राहते. यंत्र पुन्हा सुरू करून आम्ही तीच फाईल उघडली, तेव्हा पडदाभर इंग्रजी सूचना आली आणि तळाशी काही अक्षरांचे पर्याय. आर म्हणजे रिकव्हर, मजकूर परत आणा. डी म्हणजे राखीव प्रत पुसून टाका. ती सूचना न वाचता, लवकर पुढे जावे म्हणून, आम्ही डी दाबला. तिच्या तासभराच्या कामावर बोळा फिरवला तो कंट्रोल-एसने नव्हे, जुन्या यंत्रानेही नव्हे. आम्ही.

हे समजल्यावर आम्ही त्या मुलीला गाठून तसे सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे आर दाबायला हवा होता." एवढे बोलून तिने वहीत ते लिहून घेतले.